सर्व्हर डाऊन नव्हताच

"काहून वं बाई, आज बी सर्वर डाऊन हाय काय?"

रांगेतल्या बाबाजींचा हा प्रश्न मी अख्खा मे महिना ऐकला, आणि अख्खा मे महिना "हो ना बाबाजी, वरूनच बंद हाय" असं उत्तर दिलं. खोटं बोलत नव्हते. मलाही तसंच वाटायचं. आपल्याकडे अडकलं की ते वरूनच अडकलेलं असतं.

मी ग्रामपंचायतीच्या इमारतीत सेवा केंद्र चालवते. यवतमाळ जिल्हा, दारव्हा-आर्णीकडचं गाव. दाखले, केवायसी, भरतीचे फॉर्म, जुलैत पीकविमा. इमारतीच्या मागच्या अंगाला जुनं सभागृह आहे, त्याची दीड वर्षापूर्वी अभ्यासिका झाली. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, जे निघेल त्याची तयारी करणारी पन्नास-साठ पोरंपोरी तिथे बसतात. पहाटे ग्राउंडवर धावतात, दिवसा वावरात किंवा कॉलेजात, आणि संध्याकाळी सहाला अभ्यासिकेत. सहा वाजले की माझ्या स्क्रीनवरचं चक्र फिरायला लागायचं. हा संबंध माझ्या डोक्यात यायला महिना लागला, याची थोडी लाज वाटते. मी अमरावती विद्यापीठाची बीसीए आहे.

पंचायतीत विषय निघाला तेव्हा उपाय दोन आले. एक, मोठा प्लॅन घ्या. शंभरचा होता, तो दोनशे एमबीपीएसचा झाला. बिल वाढलं, चक्र तसंच. दुसरा उपाय एका तरुण सदस्याने स्वतःच्या खिशातून केला. त्याने ऑनलाइन एक रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पोचवणारा डबा मागवला, भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा, दोन शिंगांचा. सभागृहात तो लावल्यावर पोरांच्या मोबाइलवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरून दिसायला लागल्या. टाळ्या झाल्या. त्या संध्याकाळी नेट आधीपेक्षा हळू चाललं. कंपनीचा माणूस आला, त्याने राऊटर बंद करून चालू केला, "आता पाहा" म्हणाला आणि गेला. दुपारी बारा वाजता आला होता तो. दुपारी बाराला आमचं नेट नेहमीच उत्तम असतं.

खरी सुरुवात झाली ती एका पिवळ्या वायरीने. राऊटरच्या खोक्यात दीड मीटरची लॅनची वायर पडून होती. एका संध्याकाळी, रांग असतानाच, मी माझा लॅपटॉप उचलून राऊटरशेजारी नेला, वायर खोचली आणि स्पीड मोजला. 94. लॅपटॉपचं पोर्ट शंभरचं आहे, त्यातून याहून जास्त येतच नाही. वायर काढली, तिथेच बसून वायफायवर मोजला. 3. पुन्हा वायर लावली. पुन्हा 94. रांगेतले लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी राऊटरकडे.

मग पिंग लावून पाहिलं. इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्याला नाही, आपल्याच राऊटरला, 192.168.1.1 ला. हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. वायरीवर एक मिलिसेकंद. वायफायवर 340, 610, 890, मग एक हाक गायबच. राऊटर माझ्यापासून दोन हातांवर, आणि त्याला माझी हाक ऐकू जात नव्हती. म्हणजे मुंबईचा सर्व्हर, कंपनीची लाइन, नवा प्लॅन, सगळे निर्दोष. भांडण आमच्याच खोलीतल्या हवेत चाललं होतं.

नेट हळू असेल तर मी आता सगळ्यांना आधी हेच करायला सांगते. वायर लावून मोजा, मग बिनवायरीचं मोजा. हे दोन आकडे हातात नसताना प्लॅन वाढवणं म्हणजे विहिरीला पाणी आहे की नाही ते न पाहता मोटर मोठी घेणं.

विहिरीवरून आठवलं. आमची विहीर चार भावांत आहे. मोटर एक, ओलीत चौघांचं, त्यामुळे प्रत्येकाचे दिवस ठरलेले. वायफायची हवा अशीच सामायिक असते. एका चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरलेल्या रस्त्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं. प्रत्येक मोबाइल बोलण्याआधी कान देतो, कोणी बोलतंय का. बोलत असेल तर थांबतो, गप्प झालं की थोडा वेळ मनात आकडे मोजतो आणि मग बोलतो. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर दोघांचंही वाया, पुन्हा सुरुवात. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला मी हे पाठ केलं होतं. 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्याचं नाव अलोहानेट. तिथे ऐकण्याची भानगड नव्हती, ज्याला जेव्हा वाटेल त्याने पाठवायचं. त्याचं गणित असं निघतं की गर्दी झाली की हवेतला जास्तीत जास्त 18 टक्के वेळ कामी येतो, बाकी सगळा टकरीत जातो. परीक्षेत मी हा 18 चा आकडा बरोबर लिहिला होता. आमच्या अभ्यासिकेत तोच आकडा भुताने झपाटल्यासारखा फिरतोय हे मला दिसलं नाही.

कारण वायफायने कान दिला तरी ऐकू आलं पाहिजे ना. अभ्यासिकेत जागा नसली की काही पोरं बाहेर पिंपळाच्या पारावर बसतात, इमारतीच्या उत्तरेला. दक्षिणेला अंगणवाडी आहे, तिथल्या ताई पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपची माहिती आमच्याच वायफायवर भरतात. पारावरच्या पोराला राऊटर ऐकू येतो, ताईंनाही राऊटर ऐकू येतो, पण या दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. दोघेही समजतात रान मोकळं आहे, आणि दोघे एकदम राऊटरच्या कानात ओरडतात.

दुसरी गंमत अंतराची. पारावर सिग्नल इतका क्षीण की तिथला मोबाइल अगदी सावकाश, एकेक अक्षर उच्चारल्यासारखा बोलतो. जवळचा मोबाइल जी फाइल चुटकीसरशी उचलतो, तीच उचलायला पारावरचा कितीतरी पट वेळ हवा अडवून ठेवतो. एकेरी रस्त्यावर पुढे बैलबंडी असली की मागच्या ट्रॅक्टरची ताकद कितीही असो. आणि हो, रिपीटर. तो ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा तेच बोलतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा. सदस्य भाऊंनी चांगल्या मनाने गर्दी दुप्पट केली होती.

एवढं कळल्यावर एका रविवारी मी मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझरचं फुकट अ‍ॅप टाकलं आणि वही घेऊन इमारतीभोवती फिरले. अ‍ॅपमध्ये प्रत्येक नेटवर्कची एक टेकडी दिसते. माझ्या स्क्रीनवर सातपुडा उभा राहिला. चौदा नेटवर्कं. आमच्या एकट्या राऊटरची तीन नावं: एक कार्यालयाचं, एक पाहुण्यांचं, एक सदस्यांचं. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असं हवेत ओरडत असतं, कोणी जोडलेलं असो वा नसो, आणि तेही सगळ्यात सावकाश बोलीत, लांबच्यालाही कळावं म्हणून. रिपीटरचं चौथं. शाळेचं, आरोग्य उपकेंद्राचं, समोरच्या किराणा दुकानाचं. उरलेली बहुतेक पोरांच्या मोबाइलची हॉटस्पॉट. एकाने दुसऱ्याला नेट दिलेलं, दुसरा वायफायवर गेला तरी पहिल्याचं चालूच.

टेकड्या पाहताना मुख्य चूक दिसली. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल आहेत खरे, पण ते तेरा वेगळे रस्ते नाहीत. दोन चॅनलमध्ये अंतर 5 मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येक वायफायला लागतात 20. त्यामुळे एकमेकांना न घासता बसणारे तीनच: 1, 6 आणि 11. आमचा राऊटर होता 3 वर, दुकान 4 वर, उपकेंद्र 8 वर, शाळा 9 वर. शिवाय आमच्या राऊटरने 40 ची रुंदी घेतली होती, म्हणजे जवळजवळ निम्मा पट्टा एकट्यानेच अडवलेला. सगळ्यांचे धुरे एकमेकांच्या वावरात.

धुऱ्याचा वाद इथे शेतातल्यापेक्षा वाईट असतो. दोन राऊटर एकाच चॅनलवर असले तर त्यांना एकमेकांची भाषा कळते, ते थांबून थांबून बोलतात. एक 3 वर आणि दुसरा 4 वर असला तर एकाचं बोलणं दुसऱ्याला नुसता कलकलाट वाटतो. त्यामुळे "दुसऱ्यापासून एक नंबर लांब" ही साधी अक्कल इथे उलटी पडते. बसायचं तर त्याच नंबरवर, नाहीतर पाच नंबर लांब.

राऊटर कुठे आहे तेही त्याच दिवशी नीट पाहिलं. कार्यालयात, लोखंडी कपाटाच्या मागे, आणि कपाटाला लागून कूलर. आमच्याकडचा कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, आत पाण्याची टाकी आणि तीन बाजूंनी ओलं गवत. वायफायच्या लहरी पत्र्यावरून परततात आणि पाण्यात जिरतात. कोणी ठरवून राऊटर झाकायचं म्हटलं असतं तरी याहून चांगली जागा सापडली नसती. मी तो काढून खोलीच्या मधल्या खांबावर, माणसाच्या डोक्याच्या थोडा वर बसवला. माझ्या काउंटरवर सिग्नल उणे 71 होता, तो उणे 49 डीबीएम झाला. उणेचा आकडा जितका लहान तितका चांगला, हे ग्रामसेवक साहेबांना समजावण्यात दहा मिनिटं गेली. त्यांना वाटलं सिग्नल कमी झाला.

मग चॅनलवाटप. हे काम संगणकावरचं कमी आणि ओसरीवरचं जास्त. शाळेचे मुख्याध्यापक लगेच तयार झाले, त्यांना फक्त पासवर्ड आठवत नव्हता. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच करून द्या. अडलं ते दुकानात.

"माह्या दुकानाचं वायफाय हाय, माह्या पैशाचं हाय. तुमच्या ग्रामपंचायतीसाठी मी काहून बदलू?"

"भाऊ, तुमच्या दुकानात संध्याकाळी फोन-पेचा आवाज उशिरा येते का नाही?"

"येते ना. गिऱ्हाईक निघून जाते तरी बोंबलत नाई तो डबा."

"तो डबा तुमच्या वायफायवर हाय. तुमचं अन् आमचं एकमेकांत घुसून राहिलं. तुम्ही 11 वर जा, मी 1 वर येतो. मधात मोकळं."

भाऊंनी मान हलवली नाही, पण राऊटरच्या मागचं स्टिकर दाखवलं. त्यालाच होकार समजून मी नंबर बदलला. दुसऱ्या दिवशी डबा वेळेवर बोलला, एवढंच मला कळलं. त्यांनी काही सांगितलं नाही. आमच्याकडे तक्रार आली नाही म्हणजे कौतुक झालं.

मी मात्र इथे जरा जास्त शहाणपणा केला. आपल्याकडे 13 नंबर चालतो, आणि 20 च्या रुंदीवर 1, 5, 9, 13 असे चार रस्ते कसेबसे बसवता येतात असं मी वाचलं होतं. तीनाऐवजी चार, कोणाला नको? आमचा राऊटर 13 वर टाकला. संध्याकाळी एक पोरगी लॅपटॉप घेऊन आली, "ताई, माझ्या लॅपटॉपला वायफाय दिसूनच नाही राहिलं." बाकी सगळ्यांना दिसत होतं. तास गेला. शेवटी कळलं की तो जुना लॅपटॉप अमेरिकेतून कोणा नातेवाइकाने आणलेला. तिकडे 11 पर्यंतच चॅनल वापरतात, त्यामुळे त्याला 13 नंबर नावाची जागाच माहीत नव्हती. मी मुकाट्याने 1-6-11 वर आले.

त्यानंतर तीन दिवस छान गेले आणि चौथ्या दिवशी पुन्हा चक्र. अ‍ॅप उघडलं तर उपकेंद्राची टेकडी सरकून 3 वर. कोणी हात लावला नव्हता. आदल्या रात्री वारा सुटला होता, डीपीवर बिघाड, लाइट सहा-सात वेळा आली-गेली. त्यांच्या राऊटरमध्ये चॅनल "ऑटो" वर राहिला होता. ऑटो म्हणजे राऊटर चालू होताना आजूबाजूला पाहतो आणि मोकळी वाटेल ती जागा धरतो. शहरात हे ठीक असेल. आमच्याकडे लाइट आली की गावातले सगळे राऊटर एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी डोळे उघडतात आणि प्रत्येकाला आजूबाजूला कोणीच दिसत नाही. मला तरी त्याचं कारण हेच वाटतं. तेव्हापासून सगळ्यांचं ऑटो बंद, नंबर हाताने ठरवलेला, आणि आमच्या राऊटरला इन्व्हर्टरची लाइन.

आता ताकदीची गोष्ट. राऊटरमध्ये ती "हाय" होती, कारण जास्त ते चांगलं. पण बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राऊटर 100 मिलीवॅटने ओरडला तरी मोबाइलचा आवाज त्याहून बराच बारीक. लांबच्या मोबाइलला राऊटर स्पष्ट ऐकू येतो, कांड्या भरलेल्या दिसतात, म्हणून तो चिकटून राहतो. त्याचं उत्तर मात्र राऊटरपर्यंत धडपडत पोचतं. मधल्या सगळ्यांचा वेळ त्यात जातो. आणि आमचा हा मोठा आवाज दुकानात, उपकेंद्रातही जाऊन त्यांना थांबायला लावतो. म्हणून मी ताकद "मीडियम" केली. गावात बातमी पसरली की ताईंनी वायफाय कमी केलं. एक सदस्य भेटायलाच आले. मी त्यांना काही समजावलं नाही, त्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. तो न अडकता चालला. ते पाहून गेले.

अंगणवाडीच्या ताईंचं मात्र माझ्यामुळे नुकसान झालं. त्यांच्या खोलीत जे थोडंफार यायचं ते बंद झालं. त्यांनी भांडण नाही केलं, दुपारी रजिस्टर घेऊन माझ्या केंद्रात येऊन बसल्या, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं. पुढे त्यांच्याकडे वायर टाकली तोवर दोन आठवडे त्या रोज येत होत्या. चहा मी पाजायची.

वायरीचं काम सरपंच ताईंमुळे झालं. चाळीस मीटर लॅनची वायर, केसिंग पट्टी, आणि अभ्यासिकेसाठी छताला लावायचं एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वायफायने वाटणारा डबा, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा. कोटेशन, ठराव, सही, सगळं आठ दिवसांत. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आमचं अंतर पस्तीस. केबल टीव्हीवाल्या भाऊंचं क्रिंपिंगचं टूल, वायरीला टोक बसवायचं, मागून आणलं. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मी हातावर पेनाने लिहून घेतला होता, घामाने निळा आणि हिरवा पुसला, आणि पहिली दोन टोकं फुकट गेली. उंदरांपासून वायर वाचवायला केसिंग पट्टी हवीच, ती काटकसर करू नका.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक याच दिवशी पडला. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला हवेत कशाला ठेवायचं? माझे दोन संगणक, प्रिंटर, चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डर, सगळे वायरीवर गेले. कॅमेरे तर रात्रंदिवस हवेतून चित्र पाठवत होते, रिकाम्या ओसरीचं. रिपीटर काढला. तीन नावांचं एक नाव केलं. जुन्या काळची सगळ्यात संथ बोली, 1 एमबीपीएसवाली, सेटिंगमधून बंद केली.

याच वेळी माझी स्वतःची एक करामत उघड झाली. माझ्या संगणकात वायफायचा छोटा यूएसबी डोंगल होता आणि त्याला लागूनच निळ्या पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क. डिस्क चालू असली की माझं वायफाय मरायचं. मी डोंगलला दोष देऊन एक नवाही घेतला होता. निळं पोर्ट म्हणजे यूएसबी 3.0, आणि त्याची वायर काम करताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच आवाज करते. इंटेलनेच 2012 मध्ये त्यावर टिपण काढलं आहे. शहरातले लोक मायक्रोवेव्हला शिव्या घालतात, आमच्या गावात मायक्रोवेव्ह एकच आहे आणि तो डॉक्टरांच्या घरी, लांब. माझा मायक्रोवेव्ह माझ्या टेबलावरच होता.

अभ्यासिकेत छतावरच्या नव्या डब्याने 5 गिगाहर्ट्झचा पट्टा उघडला. तिथे जागा ऐसपैस आहे, एकमेकांना न घासणारे चॅनल पुष्कळ. या लहरी भिंतीत लवकर दमतात, लोक त्याला दोष म्हणतात, मला ती सोय वाटली. अभ्यासिकेतलं अभ्यासिकेतच राहतं. तिथे चॅनल 149 ठेवला, कार्यालयात 36. रुंदी 80 ची मिळत होती, 40 च घेतली. पंचेचाळीस-पन्नास मोबाइलपैकी बहुतेक 5 वर गेले, जुने दहा-बारा 2.4 वर चॅनल 6 ला राहिले. आणि ज्याचा सिग्नल उणे 78 च्या खाली गेला त्याला सोडून द्यायचं, अशी सोय त्या डब्यात होती ती चालू केली. पारावरची पोरं तुटली. ती आत आली, दाटीने बसली. पारावर आता फक्त म्हातारे बसतात, त्यांची काही तक्रार नाही.

हॉटस्पॉटचं काम मात्र सेटिंगने होणारं नव्हतं. फळ्यावर लिहिलं, "आत आल्यावर हॉटस्पॉट बंद करा." कोणी केलं नाही. मग मी अ‍ॅपची स्क्रीन अभ्यासिकेतल्या टीव्हीवर लावली. हॉटस्पॉटला पोरांनी काय काय नावं दिलेली असतात ते सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरात दिसलं. एक नाव तर एका मुलीचंच होतं. तीन मिनिटांत सगळ्या टेकड्या मावळल्या. कानातल्या ब्लूटूथवर मी बंदी घातली नाही. तेही त्याच पट्ट्यात चालतं, पण ते सेकंदाला 1600 वेळा जागा बदलतं आणि गर्दीची जागा टाळतं. पन्नास जणांचे लेक्चर मोठ्याने ऐकण्यापेक्षा ते बरं.

जूनच्या शेवटच्या रविवारी अभ्यासिकेत ऑनलाइन सराव परीक्षा होती. अकरा वाजता एकदम 52 मोबाइलवर पेपर उघडायचा. मी पावणेअकरापासून पिंग लावून बसले होते. अकराला आकडे 4 वरून 30 वर गेले, एकदा 85 दिसला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा 6-7 वर आले. एका पोराचा पेपर अडकला, त्याच्या मोबाइलमध्ये मागे व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आपोआप उतरत होते. बाकी कोणी मान वर केली नाही. प्लॅन तोपर्यंत मी पुन्हा शंभरचाच करून घेतला होता, हे कोणाला सांगितलं नव्हतं.

पीकविम्याच्या गर्दीत सर्व्हर खरोखरच डाऊन झाला, दोनदा. वायरीवर, राऊटरला पिंग एक मिलिसेकंद, आणि साइट उघडत नाही. बाबाजींना मी सांगितलं, "आज खरंच वरून बंद हाय." ते म्हणाले, "मंग एवढे दिवस काय व्हतं वं?"

परवा संध्याकाळी दुकानवाले भाऊ काउंटरशी आले. सामान द्यायला आले असतील असं वाटलं. ते वाकून हळूच म्हणाले, "ताई, त्या नव्या मेडिकलवाल्यानं राऊटर आणला. नऊ नंबरवर बसला तो. माहा डबा पुन्हा उशिरा बोलून राहिला. तुम्ही जरा त्याले समजावून सांगा ना."